खुडूक कोंबडी : अंड्यांवर बसवावी की उठवावी?

सकाळी अंडी गोळा करण्यासाठी खुराड्यात हात घातल्यावर एखादी कोंबडी जागची न हलता पिसे फुगवते, घशातून जाड आवाज काढते आणि हातावर चोच मारते, तेव्हा ती खुडूक झाली असण्याची, म्हणजे अंडी उबवण्यासाठी ठाण मांडून बसली असण्याची शक्यता आहे. नव्याने कोंबड्या पाळणाऱ्या बहुतेकांच्या मनात त्या क्षणी एकच विचार येतो, तो म्हणजे आता पिल्ले काढावीत. सोलापूरजवळ परसात गावरान कोंबड्या पाळताना मीही सुरुवातीला दर वेळी हाच विचार केला, आणि माझे जे प्रयत्न फसले त्यांतील जवळजवळ प्रत्येकाचे कारण अंडी मांडण्याच्या आधीच घडून गेलेले होते. कधी ऋतू चुकला होता, कधी अंडी जुनी होती, तर कधी पिल्ले निघाल्यावर ती ठेवायची कोठे याचा विचारच केलेला नव्हता. म्हणून या लेखात पिल्ले काढण्याची रीत सांगण्यापूर्वी ती आत्ता काढावीत की नाही, हे ठरवण्याच्या पायऱ्या थोड्या सविस्तर लिहिल्या आहेत.

आधी खात्री करावी

अंडे घालायला बसलेली कोंबडीही बराच वेळ जागा सोडत नाही आणि हात लावल्यास रागावते, त्यामुळे एका दुपारच्या वागण्यावरून निष्कर्ष काढू नये. संध्याकाळी बाकीच्या कोंबड्या दांडीवर किंवा झाडाच्या फांदीवर चढल्या की टॉर्च घेऊन पाहावे. खरी खुडूक कोंबडी रात्रीसुद्धा अंड्यांच्याच जागेवर, अंग पसरून चपटी बसलेली सापडते. तिला दोन्ही हातांनी अलगद उचलून पोटाखाली बोटे नेली, तर तेथील पिसे गळालेली असतात आणि उघडी कातडी चांगलीच गरम लागते, कारण अंड्यांना अंगाची ऊब मध्ये पिसे न येता थेट मिळावी अशी ती तयारी असते. दिवसातून एकदा, फार तर दोनदा ती उठते, घाईघाईने दाणे टिपते, पाणी पिते, नेहमीपेक्षा मोठी आणि उग्र वासाची विष्ठा एकाच वेळी टाकते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत येऊन बसते. हे सारे प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकामुळे घडते आणि त्याच काळात तिचे अंडी घालणे थांबते.

या खुणा दिसल्या तरी चांगली अंडी लगेच तिच्याखाली ठेवू नयेत. दोन-तीन रात्री तिला प्लॅस्टिकच्या चेंडूंवर किंवा खूण केलेल्या दोन जुन्या अंड्यांवर बसू द्यावे. तिसऱ्या रात्रीही ती तितक्याच चिकाटीने बसलेली असेल, तर तिच्यावर अंडी सोपवता येतात. पहिल्यांदाच खुडूक झालेली तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, आठ-दहा दिवस बसून मध्येच उठून जाण्याचा संभव अधिक असतो, त्यामुळे तिच्याखाली मोलाची, विकत आणलेली अंडी ठेवू नयेत. गिरिराज, वनराज अशा सुधारित जातींच्या कोंबड्या क्वचितच खुडूक होतात आणि पांढऱ्या लेगहॉर्नमधून तर ही सवय निवडीने जवळजवळ काढून टाकलेली आहे. उलट गावरान आणि असील कोंबड्या चांगल्या बसतात.

या तीन रात्री हीच आपली निर्णय घेण्याची मुदत समजावी. निर्णय न घेता कोंबडीला नुसतीच रिकाम्या जागेवर बसू देणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे, कारण ती कमी खाते, दिवसेंदिवस वाळत जाते, अंडी देत नाही आणि त्या बदल्यात पिल्लेही मिळत नाहीत.

ऋतू : सोलापुरातील सर्वांत मोठा प्रश्न

इतर ठिकाणच्या माहितीवर विसंबून आपल्याकडे सर्वाधिक चूक होते ती येथे. उबवणीच्या काळात अंड्याला साधारण ३७.५ अंश सेल्सिअस तापमान लागते. थंड प्रदेशात ते टिकवणे ही अडचण असते; सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पत्र्याखालच्या खुराड्यात तो त्याहूनही चढतो, तेव्हा अंडी थंड ठेवणे हीच अडचण होऊन बसते. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते आणि शेवटी सहन न होऊन अंड्यांवरून उठते. उठल्यावरही त्या खुराड्यात अंड्यांना उसंत नसते, ती तापतच राहतात. एका मे महिन्यात मी पत्र्याच्या आडोशाला अकरा अंडी बसवली होती. भर दुपारी पाटीत हात घातला, तेव्हा वरची अंडी हाताला भाजल्यासारखी गरम लागली. एकविसाव्या दिवशी त्यातून दोनच पिल्ले निघाली आणि उरलेली अंडी फोडून पाहिली, तेव्हा बहुतेकांत वाढ पूर्ण होत आलेली पिल्ले मेलेली होती. त्या कोंबडीने तीन आठवडे जे सोसले, ते मी तिला सोसायला लावायला नको होते.

उन्हाळ्याचा दुसरा परिणाम त्याहून कमी ओळखला जातो. फलित अंड्यातील गर्भाची वाढ साधारण २० ते २१ अंशांच्या खाली थांबलेली राहते. आपल्या घरातील खोलीच उन्हाळ्यात दिवसभर ३५ अंशांवर असते, त्यामुळे टोपलीत जमवून ठेवलेल्या अंड्यांत कोंबडी बसण्यापूर्वीच अर्धवट, अनियमित वाढ सुरू होते आणि गर्भ दुबळा होतो किंवा मरतो. अंडी ताजी दिसतात, पाण्यात बुडतात, पण पिल्ले निघत नाहीत, आणि दोष मात्र कोंबडीला किंवा कोंबड्याला दिला जातो.

पावसाळ्याचे गणित वेगळे आहे. जून ते ऑगस्ट सोलापुरात पाऊस बेताचाच असतो आणि खरा जोर बहुधा सप्टेंबरमध्ये येतो. त्या ओलीत बिछाना भिजतो, लहान पिल्लांना रक्ती हगवण लागते आणि डास वाढल्याने देवीचा रोग पसरतो. कोरडी, उंच, पक्क्या आडोशाची जागा असेल तरच या काळात अंडी बसवावीत.

माझ्या मते आपल्याकडील उत्तम काळ दसऱ्यानंतर, हस्ताचा पाऊस ओसरल्यावर सुरू होतो. दिवाळीच्या सुमारास निघालेली पिल्ले हुरड्याच्या दिवसांत शेतात आईमागे हिंडण्याइतकी मोठी झालेली असतात आणि तेव्हा त्यांना किडे, गवताचे बी आणि सांडलेली ज्वारी मुबलक मिळते. शेवटची निर्धास्त वेळ म्हणजे जानेवारीतील सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. यात्रेच्या आसपास बसवलेल्या अंड्यांतून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पिल्ले निघतात आणि मार्चअखेरचे कडक ऊन सुरू होईपर्यंत ती सात-आठ आठवड्यांची होतात. त्यानंतर दाट सावलीच्या कडुलिंबाखाली, मातीच्या जमिनीवर किंवा माळवदी घराच्या थंड खोलीत जागा असेल, तर फेब्रुवारीअखेरपर्यंत विचार करता येईल. मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत नवख्या माणसाने कोंबडी बसवू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

अंडी कोणाची आणि किती दिवसांची

घरी कोंबडा नसेल तर अंडी फलित नसतात. कोंबडी त्यांच्यावर महिनाभर बसली तरी काहीच निघणार नाही. हे सांगावे लागते, कारण दुकानातील पांढरी अंडी आणून कोंबडीखाली ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. कोंबडा कळपात असेल तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरतो. तो नुकताच विकला असेल तरी साधारण दहा दिवसांपर्यंतची अंडी फलित निघू शकतात, कारण कोंबडीच्या शरीरात शुक्राणू टिकून राहतात.

जुळे सोलापूर किंवा होटगी रस्त्याकडील दाट वसाहतींत कोंबड्याच्या पहाटेच्या आरवण्याने शेजाऱ्यांशी वाद होतात, म्हणून तेथील काही जण गावाकडून फलित अंडी आणतात. हा मार्ग चांगला आहे. मात्र मोटारसायकलवरून आणलेली अंडी घरी पोहोचताच कोंबडीखाली घालू नयेत. निमुळते टोक खाली करून ती रात्रभर थंड जागी स्थिर ठेवावीत. सुधारित जातींची अंडी गावरान कोंबडीखाली व्यवस्थित उबतात, परंतु त्या जाती संकरित असल्याने पुढच्या पिढीत वजन आणि अंड्यांचे प्रमाण पहिल्यासारखे राहत नाही, हे आधीच माहीत असावे.

हिवाळ्यात सात दिवसांपर्यंतची आणि गरम दिवसांत तीन-चार दिवसांचीच अंडी घ्यावीत. ती साठवण्यासाठी ओल्या वाळूत अर्धे पुरलेले मातीचे मडके उपयोगी पडते. आत तळाशी कोरडे गवत घालून अंडी ठेवावीत आणि तोंडावर सुती कापड बांधावे. वाळू रोज ओली करावी, अंडी मात्र कधीही ओली होऊ देऊ नयेत. अंडी धुऊही नयेत, कारण कवचावरचा नैसर्गिक थर निघून जंतू आत शिरतात. फार मोठी, फार लहान, वेडीवाकडी, तडा गेलेली किंवा खडबडीत कवचाची अंडी बाजूला काढून घरी खावीत.

पिल्लांचे पुढे काय

हिशेब कागदावर मांडावा. कोंबडी २१ दिवस बसणार आणि त्यानंतर सहा ते आठ आठवडे पिल्ले सांभाळणार, म्हणजे अडीच महिने तिच्याकडून अंडी मिळणार नाहीत. तीच कोंबडी खुडूक होताच उठवली, तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा अंड्यावर येते, म्हणजे अंडी घालू लागते. घरच्या खाण्यासाठी अंडी हाच आपला उद्देश असेल आणि कोंबड्या तीन-चारच असतील, तर उठवणे अधिक शहाणपणाचे आहे.

निघालेल्या पिल्लांपैकी जवळपास निम्मे नर असतात. चार-पाच महिन्यांनी ते एकमेकांशी भांडू लागतात आणि कोंबड्यांना त्रास देतात. त्यांना विकायचे, घरी कापायचे की कोणाला द्यायचे, हे अंडी बसवण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी मिळून ठरवावे. लहान मुलांनी नावे ठेवलेला कोंबडा नंतर बाजारात नेणे जड जाते. बंदिस्त जागेची सोय हा तिसरा मुद्दा. घार, मुंगूस, मांजर आणि साप यांच्यापासून पहिले सहा आठवडे पिल्लांचे रक्षण करता येईल असे, बारीक जाळीचे आणि रात्री पूर्ण बंद होणारे खुराडे तयार नसेल, तर यंदा थांबावे.

उठवायचे ठरले तर

खुडूक मोडण्यासाठी कोंबडीला थंड पाण्यात बुडवणे किंवा नाकपुडीत पीस खोवणे असे प्रकार अजूनही केले जातात. दोन्ही क्रूर आहेत आणि त्यांची मुळीच गरज नाही. तळाला जाळी असलेला पिंजरा जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, उजेडात पण सावलीत ठेवावा, त्यात गवत किंवा बिछाना घालू नये, खाणे-पाणी मात्र पोटभर द्यावे. खालून वारा लागल्याने पोटाची ऊब उतरते आणि तीन ते पाच दिवसांत बहुतेक कोंबड्या भानावर येतात. सोडल्यावर ती इतरांबरोबर माती उकरू लागली, तर काम झाले. धावत पुन्हा जुन्या कोपऱ्यात गेली, तर आणखी दोन दिवस पिंजऱ्यात ठेवावी. जितक्या लवकर सुरुवात होईल तितके कमी दिवस लागतात.

बसवायचे ठरले तर

जागा इतर कोंबड्यांपासून वेगळी, अंधारी, शांत आणि शक्यतो मातीच्या जमिनीवर असावी. एक पसरट पाटी घेऊन तिच्यात तळाशी चार बोटे माती दाबून बसवावी, माती मधोमध बशीसारखी खोलगट करावी आणि तिच्यावर बारीक तोडलेला कडबा किंवा वाळलेले गवत अंथरावे. खोलगटपणा फार झाला तर अंडी एकमेकांवर चढून फुटतात आणि सपाट राहिली तर कडेची अंडी थंड पडतात. यंत्रमागावरचे वाया गेलेले सूत सोलापुरात सहज मिळते आणि मऊ असल्याने ते अंथरण्याचा मोह होतो, पण ते कधीही वापरू नये. मी एकदा ते वापरले आणि पिल्ले निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी एका पिल्लाच्या पायाला केसाइतक्या बारीक धाग्याचे इतके घट्ट वेढे बसलेले सापडले, की कात्रीचे टोक धाग्याखाली जाईना. त्या पिल्लाचा पंजा गेला.

बसवण्यापूर्वी कोंबडीच्या पंखांखाली आणि शेपटीच्या मुळाशी उवा, पिसवा व गोचीड आहेत का ते पाहावे, कारण एका जागी बसलेल्या कोंबडीवर ते झपाट्याने वाढतात आणि रक्त शोषून तिला अंड्यांवरून उठवतात. गोचीड दिवसा भिंतीच्या भेगांत लपते, म्हणून भेगा मातीने लिंपून घ्याव्यात. कोंबडीला लोळण्यासाठी जवळच कोरडी माती आणि चाळलेली राख यांचा खड्डा करून ठेवावा.

गावरान कोंबडीखाली हिवाळ्यात दहा ते बारा आणि गरम दिवसांत आठ अंडी पुरेत. पंख मिटून बसल्यावर एकही अंडे बाहेर दिसता कामा नये. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख लिहावी, म्हणजे दुसऱ्या कोंबडीने मागाहून घातलेले अंडे लगेच ओळखून काढता येते. काही घरांत पाटीत लोखंडाचा तुकडा ठेवण्याची रीत आहे. त्याने नुकसान होत नाही, पण ऊब आणि ओल यांची काळजी त्याने टळत नाही. कोंबडी रात्रीच हलवावी आणि अंडीही अंधारातच, एकेक करून तिच्याखाली सरकवावीत. दिवसा हलवलेली कोंबडी जुन्या जागेकडे पळते.

पाणी आणि ज्वारी-मक्यासारखे अख्खे धान्य दोन-तीन हातांवर ठेवावे, अगदी पाटीला लागून नको, कारण तिने दिवसातून एकदा उठणे तिच्या प्रकृतीसाठी आवश्यक आहे. दिवसभरात ती उठलीच नाही, तर संध्याकाळी पंखांखाली अडकलेले अंडे नाही ना हे पाहून तिला हळूच उचलून दाण्यांजवळ ठेवावे.

सातव्या रात्री अंडी तपासावीत. अंधारात अंड्याचे जाड टोक टॉर्चवर धरले, की जिवंत अंड्यात एक काळसर ठिपका आणि त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. अंडे स्वच्छ, पिवळसर दिसले तर ते वांझ आहे, आणि आत रक्ताचे कडे दिसले तर गर्भ सुरुवातीलाच मेला आहे. अशी अंडी काढून टाकावीत. ती आत कुजून फुटली, तर शेजारची चांगली अंडीही नासतात. चौदाव्या रात्री पुन्हा एकदा पाहावे. अठराव्या दिवसानंतर मात्र अंड्यांना हात लावू नये. आपल्याकडील कोरड्या हवेत कवचाच्या आतील पापुद्रा वाळून पिल्लू त्याला चिकटते, म्हणून शेवटच्या तीन दिवसांत पाटीभोवतालची माती सकाळ-संध्याकाळ शिंपडून ओलसर ठेवावी.

एकविसावा दिवस आणि नंतर

पिल्लू प्रथम कवचाला एक बारीक टोचा मारते आणि त्यानंतर बाहेर यायला बारा ते चोवीस तासही घेते. हा वेळ पाहणाऱ्याला फार मोठा वाटतो, तरीही कवच सोलून मदत करू नये. त्या तासांत पिल्लू बलकाचा उरलेला भाग पोटात ओढून घेत असते आणि कवचाच्या आतील शिरांतील रक्तही परत घेत असते. घाईने सोललेल्या अंड्यातून रक्त येते आणि पिल्लू मरते. पोटात गेलेल्या त्या बलकावर पिल्लू दोन दिवस काही न खाता राहू शकते, म्हणून पहिल्या दिवशी दाणे देण्याची घाई नको. पहिले पिल्लू निघाल्यावर दीड-दोन दिवसांनी कोंबडी पिल्ले घेऊन उठते. मागे राहिलेली अंडी तेव्हा निःशंक फेकून द्यावीत.

पाणी उथळ ताटलीत द्यावे आणि तिच्यात स्वच्छ खडे टाकावेत, नाहीतर पिल्ले बुडतात. खाण्यासाठी चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांसाठीचे तयार खाद्य उत्तम. त्यात साधारण २० टक्के प्रथिने असतात. ज्वारीची भरड किंवा तांदळाची कणी जोडीला चालते, पण केवळ त्यावर पिल्लांचे पंख नीट भरत नाहीत. पहिले दहा-बारा दिवस आई आणि पिल्ले डालग्याखाली किंवा जाळीत ठेवावीत.

लसीकरणाची आखणी अंडी बसवतानाच करावी. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेत, म्हणजे आपल्याकडे ज्याला मानमोडी म्हणतात त्या रोगाची लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात. सहाव्या आठवड्याच्या सुमारास देवीची आणि आठव्या आठवड्यात पुन्हा राणीखेतची लस टोचतात. लसीची एक कुपी शंभर किंवा अधिक पक्ष्यांसाठी असते, ती बर्फात आणावी लागते आणि विरघळवल्यावर तास-दोन तासांतच संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी एकट्याने कुपी उघडणे परवडत नाही, म्हणून गल्लीतील किंवा वस्तीवरील दोन-तीन घरांनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसवाव्यात आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच विचारून दिवस ठरवावा. मानमोडी शिरली, तर लस न टोचलेला कळप काही दिवसांत जवळजवळ संपतो.

सहा ते आठ आठवड्यांनी एका संध्याकाळी कोंबडी पिल्लांना खाली सोडून पुन्हा दांडीवर चढते आणि दिवसा पिल्ले जवळ आली की त्यांना टोचून दूर सारते. त्या रात्री पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढून झोपतात आणि खालची गुदमरू शकतात, म्हणून दोन-तीन रात्री त्यांना हाताने उचलून बुटक्या दांडीवर बसवावे. कोंबडीला या काळात मूठभर जास्त दाणे आणि शिंपल्यांचा चुरा द्यावा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा अंड्यावर येते.